दहा नंबरचा खांब

बांध आमच्या आळीच्या अलीकडे चाळीस पावलांवर थांबला, तेव्हा मी गोणी शिवत होते. थांबला हे आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. क्रेनवाला रोज त्या वेळेला चहाला जायचा आणि तोंड पुसत परत यायचा. त्या दिवशी तो परत आला, आणि दगड उचलायच्या ऐवजी क्रेन मागे घ्यायला लागला.

आम्ही नऊ बायका होतो. नगरपालिकेच्या रोजंदारीवर वाळूच्या गोण्या भरायचं काम. तीन घमेली वाळू, तोंड दोनदा दुमडायचं, दाभणाने आठ टाके, मग दोघींनी उचलून बांधाच्या कडेला रचायची. वाळू ओली, सुतळी खारी. आठवड्याभरात बोटांच्या पेरांना चिरा पडतात आणि त्या चिरांत पुन्हा तेच खारं पाणी जातं. माझ्या जोडीला शिलाईकाकू असायच्या. त्या आमच्या समोरच्याच घरात एकट्या राहतात, मशीनवर कपडे शिवतात आणि काम कमी असलं की गोण्यांवर येतात. त्यांचे टाके इतके सरळ पडायचे की मुकादम वैतागायचा.

"काकू, समुद्राला काही लग्नाला जायचं नाहीये. जरा हात उचला."

"वाकडं शिवायला मला येत नाही," काकू म्हणायच्या. "तू शिकव."

त्या दिवशीही मान आधी त्यांनीच वर केली. "हा मागे का जातोय गं?"

मी मुकादमाला विचारलं. तो हिशोबाच्या माणसासारखा बोटं मोजत म्हणाला, "झालं की काम. नऊ नंबरच्या खांबापर्यंतच होतं."

"आणि पुढे आमची आळी आहे ती?"

"मला कशाला विचारतेस? घरी जाऊन नवऱ्याला विचार. मोजणी त्याची आहे."

बायका हसल्या. त्यांना वाटलं, नेहमीसारखी चेष्टा करतोय. मलाही तसंच वाटलं.

आमच्या किनाऱ्याची गंमत अशी आहे की त्याच्या एका टोकाला वाळू उतू जाते आणि दुसऱ्या टोकाला ती ठरत नाही. धक्क्याच्या बाजूला ती इतकी साचते की बसायचे बाक पुरले जातात, बोटींचे तळ घासतात आणि दुकानदार सकाळी फावड्याने दार मोकळं करतात. आमची आळी दुसऱ्या टोकाला, खडकांच्या अलीकडे. समुद्र आमच्या पुढ्यातली वाळू उचलून धक्क्याकडे टाकतो आणि नगरपालिका दर हंगामाला धक्क्याकडची उचलून आमच्या पुढ्यात टाकते. माझे थोरले दीर हेच करतात, ट्रॅक्टर चालवतात. घरात आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. "मी आणि समुद्र एकाच मालाची ने-आण करतो," ते म्हणतात, "फक्त त्याला डिझेल लागत नाही."

या हंगामात मात्र दादांच्या ट्रॉल्या आमच्याकडे आल्याच नाहीत. सगळी वाळू पाच नंबरच्या खांबापाशी, तिथल्या लॉजच्या समोर पडली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आणि आमचे हे किनारा मोजतात. धक्क्यापासून खडकांपर्यंत बारा लोखंडी खांब आहेत. दर पंधरा दिवसांनी मोठ्या ओहोटीला जायचं, खांबाच्या डोक्यावर टेप लावायची, खाली वाळूपर्यंत सोडायची आणि येईल तो आकडा वहीत लिहायचा. खांब जास्त दिसला तर वाळू गेली, कमी दिसला तर वाळू चढली. चौदा वर्षं हे काम करत होते, तेही हंगामी म्हणून. यंदा त्यांचं नाव कायम करायच्या लोकांच्या यादीत होतं. ती वही घरात प्लास्टिकमध्ये गुंडाळून फळीवर असायची आणि तिला हात लावायची आमची कुणाची टाप नव्हती. आळीत कुणाला ओटा वाढवायचा असला, पत्रा बदलायचा असला, की तो आधी यांच्याकडे येणार. हे डॉक्टरसारखे वही उघडणार, चष्मा पुसणार आणि मग बोलणार.

संध्याकाळी मी विचारलं तेव्हा हे पाय धूत होते.

"नऊपर्यंत कसा असेल?" ते म्हणाले. "लिहिण्यात काहीतरी चुकलं असेल. उद्या नगरपालिकेत साहेबांना भेटतो."

"मी पण येते."

"तू येऊन काय करणार?"

"बसेन."

साहेबांच्या खोलीत पंखा होता आणि कोपऱ्यात केरसुणीने ढकललेली वाळू होती. साहेब वयाने लहान, बोलायला नम्र. मलाही खुर्ची दिली. यांचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं आणि मग टेबलावरचा कागद आमच्याकडे फिरवला.

"हे तुमच्याच वहीवरून काढलंय. प्रत्येक खांबाचा पहिल्या वर्षीचा आकडा आणि यंदाचा आकडा. पाच नंबरला तीन फूट वाळू गेली. सातला अडीच. नऊला दोन." त्यांनी बोट खाली सरकवलं. "दहा नंबरला पहिल्या वर्षी खांब चार फूट दिसत होता. आता तीन दिसतो. म्हणजे तुमच्या आळीसमोर एक फूट वाळू चढली आहे. दगड मोजकेच मिळाले होते. जिथे वाळू चढते तिथे मी ते कसे टाकणार?"

हे कागदाकडे बघत राहिले. आकडे यांचेच होते, यांच्याच अक्षरातून उतरवलेले.

"पण पाणी जवळ आलंय, साहेब. डोळ्यांना दिसतंय."

"डोळ्यांनी मोजायचं असतं तर तुम्हाला टेप कशाला दिली असती?" साहेब हसून म्हणाले. त्यांना टोचायचं नव्हतं. पण हे वाक्य यांचंच होतं, चौदा वर्षं सगळ्यांना ऐकवलेलं.

तीन दिवसांनी मोठी ओहोटी होती. उजाडताना आम्ही दोघं खाली उतरलो. वाळू कडक, पायाला थंड लागत होती. बांध संपतो तिथे नऊ नंबरचा खांब आहे. मी त्याला टेकून उभी राहिले आणि हे टेप घेऊन दहाकडे गेले. मी मोजणी बघायला कधी आलेच नव्हते. घरचं आवरून गोण्यांवर जायचं, की यांच्या मागे फिरायचं?

खांबांची डोकी सगळी एका रेषेत आहेत. पहिल्यांदा बसवले तेव्हा पातळी लावूनच बसवले होते, हे यांनीच मला सांगितलं होतं. मी धक्क्याकडे बघितलं. आठ, सात, सहा, सगळे एका ओळीत. मग मान वळवून दहाकडे बघितलं.

"अहो," मी हाक मारली. "हा बुटका का दिसतो?"

"वाळू चढली आहे ना. म्हणून कमी दिसतो."

"वाळू चढली तर खालून बुडेल. डोकं कसं खाली जाईल?"

टेप यांच्या हातात तशीच लोंबत राहिली. मग चालत माझ्याजवळ आले, नऊच्या डोक्याला डोळा लावला आणि दहाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. दहाचं डोकं रेषेच्या खाली होतं, माझ्या हाताने कोपरापासून मोजलं तर दीड हात तरी खाली.

सहा वर्षांपूर्वी वादळात दहा नंबर पडला होता, हे आम्हा दोघांनाही एकदमच आठवलं. खांब पडला तर कार्यालयात कळवायचं, मग पातळीवाला माणूस येणार आणि तो बसवणार, असा नियम होता. पण वादळानंतर सगळीकडेच पडझड, कुणाला सांगणार आणि कोण येणार. यांच्या अंगात ताप होता. आम्ही दोघांनीच पहार आणि फावडं नेलं. खड्डा खणावा तर पाणी भरायचं, पाणी उपसावं तर कडा ढासळायच्या. खांब कसाबसा उभा राहिला तेव्हा हे म्हणाले होते, बास. आणि मी म्हटलं होतं, आणखी खोल जाऊ दे, परत परत कोण येणार गाडायला. आम्ही आणखी खणलं. भोवती फोडलेला दगड ठासला. तो खांब त्यानंतर एकदाही हलला नाही, आणि मला त्याचं कौतुकच होतं.

"अडीच फूट," हे म्हणाले. "अडीच फूट खोल गेला. म्हणजे वाळू चढली नाही. दीड फूट उतरली."

"तुम्हाला तेव्हा कळलं नाही?"

"टेपने जे दाखवलं ते लिहिलं. डोक्यापासून वाळूपर्यंत. मला तेवढंच शिकवलं होतं." त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला काही कोरडं सापडेना म्हणून तसाच हातात धरला. "मला वाटलं, वादळाने वाळू आणून टाकली. मी खूश झालो होतो."

शिलाईकाकूंनी गेल्याच वर्षी समुद्राच्या बाजूला मशीनसाठी खोली काढली होती. उजेड चांगला येतो म्हणून. त्या विचारायला आल्या तेव्हा यांनी वही उघडून सांगितलं होतं, खुशाल बांधा, दहा नंबरला वाळू चढते आहे. चहा मीच केला होता.

घरी दादांना सांगितलं. ते ट्रॅक्टरचा फिल्टर धूत बसले होते. ऐकून त्यांनी फिल्टर बादलीत सोडून दिला.

"आणखी कुणाला बोललास?"

"नाही. उद्या साहेबांना सांगतो."

"सांगून काय होणार आहे? दगड संपले, क्रेन गेली. तुझं नाव यंदा यादीत आहे, ते जाईल. आळीतले लोक आपलं जगणं मुश्कील करतील ते वेगळंच. गप्प बस. पुढच्या पंधरवड्यापासून आकडा हळूहळू वाढव. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"खोटा आकडा लिहू?"

"सहा वर्षं काय लिहीत होतास?"

सासूबाई आतल्या खोलीत पलंगावर होत्या. गुडघ्यांमुळे त्या फारशा उठत नाहीत, पण कान शाबूत आहेत.

"घर सोडावं लागेल का रे?" त्यांनी आतून विचारलं.

"बहुतेक, आई," हे म्हणाले.

"मग जिथे न्याल तिथे माझा पलंग भिंतीला लावा. खिडकीपाशी नको. पाणी बघून झालं माझं."

दुसऱ्या दिवशी यांनी धुतलेला शर्ट घातला. मी पुन्हा सोबत गेले. साहेबांनी सगळं ऐकलं. ऐकताना त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"खांब उभा राहिला म्हणजे झालं, असं वाटलं."

"मोजणीदार, आता मला ही सगळी वही बाजूला ठेवावी लागेल."

"फक्त दहा नंबर चुकलाय, साहेब. बाकीचे अकरा बरोबर आहेत."

"हे मला कसं कळणार?"

चौदा वर्षांत यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. साहेब म्हणाले की आता सगळे खांब नव्याने बसतील, नवा माणूस दोन वर्षं मोजेल आणि मग पुढच्या बांधाला मंजुरी मागता येईल. तोपर्यंत उरलेल्या गोण्या ते आमच्या आळीसमोर टाकायला सांगतील. मग जरा थांबून, आमच्याकडे न बघता म्हणाले, "आणखी एक सांगून ठेवतो. बांध जिथे संपतो तिथे पाणी वळून आत येतं. नऊच्या पुढे यंदा नेहमीपेक्षा जास्त खाणार."

"किती?" यांनी विचारलं.

"ते मोजल्याशिवाय कसं सांगू?"

त्यांनी कोरा कागद पुढे केला. घडलं ते स्वतःच्या अक्षरात लिहून द्या म्हणाले. हे लिहायला बसले. मी खांद्यावरून वाचत होते. खांब पडल्याचं लिहिलं, न कळवल्याचं लिहिलं. मग लिहिलं, मी एकट्याने खांब गाडला, मी माझ्या समजुतीने तो जास्त खोल नेला. मी ते वाचलं आणि तोंड मिटून उभी राहिले. त्या क्षणी मला बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. कागदावर माझं काही नव्हतं. सही करून झाल्यावर साहेबांनी सांगितलं, टेप इथेच ठेवून जा. यांनी ती खिशातून काढली, तिच्यावरची वाळू शर्टाला पुसली आणि टेबलावर ठेवली.

आळीला मुकादमाकडून कळण्याआधी स्वतः सांगायचं, असं यांनी ठरवलं. एकेक दार वाजवत गेले. मी आमच्या दारातून बघत होते. कुणी आत बोलावलं नाही. एकाने विचारलं, तू झोपेत मोजत होतास का? दुसऱ्याने सगळं ऐकून घेऊन दार लावलं. कुणीतरी हसलं, आणि ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. शिलाईकाकूंच्या दारात हे सगळ्यात शेवटी गेले. काकूंनी मशीन थांबवलं नाही. ऐकत ऐकत शिवण पूर्ण केली, दोरा तोडला आणि म्हणाल्या, "म्हणजे माझी खोली."

"हो, काकू."

"बरं," त्या म्हणाल्या आणि दुसरं कापड घेतलं.

पुढचे दहा दिवस आम्ही आळीसमोर गोण्या रचल्या. काकू माझ्या जोडीला बसल्या नाहीत. टोकाला एकट्या बसायच्या आणि एकट्याच ओढून न्यायच्या. बायका माझ्याशी बोलायच्या, पण यांचा विषय आला की एकदम थांबायच्या. तुझं नशीब असं म्हणून माझी कीवही करायच्या. मी ती कीव घेत होते. हे स्वतः काम मागायला गेले तर मुकादमाने त्यांना फावडं दिलं नाही. म्हणाला, तू नको बाबा, तू भरलेल्या गोण्या मला परत मोजाव्या लागतील. सगळे हसले. हे घरी येऊन सासूबाईंच्या पलंगाचे नट ढिले करत बसले.

पौर्णिमेच्या दुपारी पाणी आलं. वारा फारसा नव्हता. साहेब म्हणाले तसंच झालं, बांधाच्या टोकापाशी लाट वळायची आणि आमच्याकडे तिरकी यायची. आमच्या गोण्या तिने पहिल्या तासात आडव्या केल्या. काकूंचे सरळ टाके तसेच राहिले, गोण्याच्या गोण्या वाहून गेल्या. मग पाणी नव्या खोलीच्या खाली शिरलं. वरून काही दिसत नव्हतं. फक्त आत गेलं की फरशी पोकळ वाजायची.

आळीतले सगळे सामान बाहेर काढत होते. दादांनी ट्रॉली आळीच्या तोंडाशी लावली होती, कारण त्याच्या पुढे चाकं रुतत होती. आमचा पलंग आणि सासूबाई आधीच वर गेल्या होत्या. काकूंच्या खोलीत पायमशीन होतं, जुनं, बिडाच्या पायांचं, दोन माणसांचं ओझं. काकू दारात उभ्या होत्या. भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती आणि तिच्यातून पलीकडचा उजेड दिसत होता.

हे पुढे झाले. वाकून मशीनच्या पायाला हात घातला.

"तू नको," काकू म्हणाल्या.

"काकू, भिंत जाईल. मला उचलू द्या."

"तुझ्यावर विसंबून एकदा बघितलंय. हात काढ."

यांनी हात काढला. बाहेर सात-आठ माणसं ट्रंका, गाद्या घेऊन थांबली होती, आणि सगळी यांच्याकडे बघत होती. कुणीही पुढे आलं नाही. हे मान खाली घालून उभे राहिले. यांची बोटं उगाच खिशापाशी गेली, जिथे टेप असायची तिथे. मला ते बघवेना.

"काकू," मी म्हटलं. "खोल गाडायला मी सांगितलं होतं."

हे पटकन म्हणाले, "तू गप्प बस."

"हे बास म्हणत होते. ताप होता यांना. आणखी खोल, आणखी खोल, हे मी म्हणत होते. दगड मीच ठासला. यांनी कागदावर माझं नाव लिहिलं नाही आणि मीही लिहायला सांगितलं नाही."

आळीतल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. एवढे दिवस माझी कीव करणाऱ्याच त्या. काकू मात्र माझ्याकडे नाही, माझ्या हातांकडे बघत होत्या. पाण्याचा एक लोट खोलीखाली आला, फरशी हलली आणि कोपऱ्यातली एक फरशी आत गेली.

"मग हे टोक तू धर," काकू म्हणाल्या.

मी वाकले. बिडाची कड बोटांच्या चिरांत बसली आणि डोळ्यांत पाणी आलं. आम्ही मशीन उचललं, उंबरा ओलांडला, आळीतून वर निघालो. ट्रॉलीपर्यंत तीनदा खाली ठेवावं लागलं. श्वास जागेवर आला की काकू मान हलवायच्या, आणि आम्ही पुन्हा उचलायचो. मागे भिंत पडल्याचा आवाज झाला तेव्हाही त्यांनी वळून बघितलं नाही.

बाकीचे लोक आमच्या बाजूने ट्रंका, भांडी, दारांची फळकुटं घेऊन वर चालले होते. हे सगळ्यांच्या मागून येत होते. आळीतल्या कुणीही त्यांच्या हातात काही दिलं नाही.